दगडावर मृदुभाषी लिहायचं नाही

प्रिय आत्याबाई,

आज सकाळी तुमचा दगड बसला. विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली, जिथे तुम्हाला माती दिली तिथेच. वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे अनसिंगच्या गाडीला लागले. तुमचा मिलिंद भांडी परत करायला गेलाय. मी ओट्यावर बसून अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरचं मागचं कोरं पान फाडलं आणि लिहायला घेतलं.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत आहे हो! सून झाल्यापासून घरात आलेला प्रत्येक कागद बावीस वर्षं मीच तुम्हाला वाचून दाखवला. सातबारा, लग्नाच्या पत्रिका, दवाखान्याचे रिपोर्ट, एकदा तर साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा. हेही मीच वाचून दाखवणार, असं धरूनच लिहितेय.

लिहायचं कारण म्हणजे तो दगड. त्याच्यावरून गेले तीन महिने मी घरात भांडले, माहेरी भांडले, वाशिमला जाऊन दगड कोरणाऱ्याचंही ऐकून घेतलं. का भांडले, ते माझं मलाच आज दुपारी कळलं. तुम्हाला आधी कळलं असतं, तर तुम्ही हसला असता.

भांडण एका शब्दाचं होतं. मुडद्या!

बघा, लिहितानासुद्धा हात अडखळतो. मी पडले अंगणवाडी सेविका. घाण बोलू नये, हे पोरांना शिकवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. उरलेली निम्मी, तुम्ही त्यांना जे शिकवायच्या ते पुसण्यात गेली. अंगणवाडीच्या दारासमोरून तुम्ही शेतात जायच्या, आणि खिडकीतून डोकावणाऱ्या पोरांना तुमची हाक यायची, "काहून रे मुडद्याहो, शिकून राह्यले का झोपून राह्यले?" मग दिवसभर वर्गात सगळे एकमेकांचे मुडदे. तीन वर्षांचं पोरगं खाऊचं ताट पुढं करून मला म्हणालं होतं, "बाई, ह्या मुडद्यानं माही खिचडी खाल्ली." मी त्याला रागावले आणि तोंड फिरवून हसले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमची ती शिवी कुणाला चुकली होती? पोस्टमनला नाही, कंडक्टरला नाही, बांध ओलांडणाऱ्या गोऱ्ह्यालाही नाही. नवीन आलेले तलाठी पीक पाहणीला आले. दारातच उभे राहून दोन प्रश्न विचारले आणि निघाले, तर तुम्ही आतून ओरडलात, "बस न मुडद्या, कुठी चालला?" मी चुलीपुढे गारठले. तलाठी वळले, तुमच्याकडे पाहिलं, आणि काय झालं त्यांना कोण जाणे, चप्पल काढून बसले. चहा प्याले. भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. पुढे गावात आले की ते आपल्या दारावरून कधी तसेच गेले नाहीत.

बस न मुडद्या, कुठी चालला? तुमचं सगळं अगत्य त्या एका वाक्यात होतं. शिवी ऐकली की मागून चहा येणार हे गावाला ठाऊक होतं.

मला मात्र तुम्ही तसं म्हणत नव्हत्या.

म्हणजे एकदा म्हणाला होतात. लग्नाचा तिसरा दिवस. मी नवी, घाबरलेली, दारात चपला शोधत होते. तुम्ही चुलीपाशी होत्या. तुम्ही म्हणालात, "बस न मुडद्या, कुठी चालली? च्या घे." आणि मी जी रडायला लागले ती थांबेचना. आमच्या केनवडच्या घरात बाबांनी भिंतीवर पंचशील लिहून लावलेलं. कुणी कुणाला गाढवसुद्धा म्हणायचं नाही. मला वाटलं, अंगाची हळद उतरली नाही तोच सासू मला मर म्हणतेय!

मांडवपरतणीला बाबा न्यायला आले, तेव्हा मी ते त्यांना जसंच्या तसं सांगितलं. बाबा शाळामास्तर. ते ओसरीत उभे राहिले, तुमच्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, "गिरजाबाई, माह्या पोरीले शिव्यायची सवय नाई. तिले तेवढं नका म्हनू."

तुमचा चेहरा अजून आठवतो. तुम्ही पदर सारखा केलात. "चुकलं गुरुजी," म्हणालात. "पुन्हा नाई म्हननार."

आणि नाही म्हणालात! बावीस वर्षांत एकदाही नाही. उलट त्या दिवसापासून मला अहोजाहो सुरू झालं. करुणाबाई, या. करुणाबाई, बसा. करुणाबाई, जेवून घ्या. सुनेला अहोजाहो कोण करतं, आत्याबाई? गावातल्या सासवा माझ्या नशिबाचा हेवा करायच्या. मीही पहिली दोन-तीन वर्षं खुशीत होते, खोटं कशाला बोलू?

मग प्रज्ञा झाली. दवाखान्यातून घरी आणली, तुम्ही तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून म्हणालात, "आला माहा मुडदा!" मी खाटेवर पडून बघत होते. एका दिवसाच्या लेकराला मिळालं ते मला नव्हतं. त्या क्षणी मला माझ्याच पोटच्या पोरीचा हेवा वाटला, आणि लाजही वाटली.

त्यानंतर मी काय काय केलं, ऐकायचंय? मुद्दाम भाकर करपवली. दूध उतू जाऊ दिलं. एकदा तर तुमचा आवडता पाण्याचा पितळी गडवा विहिरीत सोडला आणि सांगायला आले, आज तरी सुटेल म्हणून. तुम्ही विहिरीत वाकून पाहिलंत, एक मोठा श्वास घेतलात, आणि म्हणालात, "जाऊ द्या करुणाबाई. होत असते. बसा तुमी." मी घरात जाऊन रडले. शब्द पाळायचा म्हणजे किती पाळायचा माणसानं? एखाद्या वेळी चुकून तरी मोडायचा होता!

आणि मी तरी तोंडानं का नाही सांगितलं? आत्याबाई, मला म्हणा, मला चालतं. एवढं एक वाक्य. पण कुठल्या तोंडानं सांगणार? बापाला पुढं करून तुमचं तोंड बंद करणारी मीच. शिवाय सकाळी अंगणवाडीची घाई, दुपारी रिपोर्टची घाई, संध्याकाळी स्वयंपाकाची. तुम्ही बसा म्हणायच्या आणि मी पायात चपला घालूनच "आलेच" म्हणायचे.

तुमच्या शिवीला नियम होते, हे मला फार उशिरा कळलं. सोयाबीनच्या निंदणात ट्रॅक्टरवाल्यानं एका बाईला आईवरून शिवी दिली. तुम्ही विळा घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिलात. तो म्हणाला, "बुढे, तू त दिवसभर शिव्या देतं, आन मले शिकवतं?" तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी तिसऱ्या ओळीतून ऐकलं.

"मी मुडदा म्हनतो. ते समद्यायले लागू हाय, तुले बी, मले बी. आज नाई त उद्या होऊच. आईवरून नाई म्हनत, जातीवरून नाई म्हनत. मुडद्याले जात असते का रे?"

त्या रात्रीच्या भाकरी थापताना तुम्ही तुमच्या आईचं सांगितलं. गावात तिला कुणी नावानं हाक मारली नाही. जातीनंच बोलवायचे, आणि ती ओ द्यायची. "मी लहान व्हतो तवा ठरवलं करुणाबाई, मी कोनाले जातीनं हाक मारनार नाई. मंग काय म्हनू? असा शब्द पाह्यला का जो सरपंचाले बी म्हनता येते आन मह्या भावाले बी." एवढं सांगून तुम्ही पुन्हा भाकर थापायला लागलात.

मागच्या उन्हाळ्यात आपण किन्हीराजाला गेलो होतो, आठवतं? तुमच्या दूरच्या दिराचं पुण्यानुमोदन होतं. काळा गुळगुळीत दगड, सोनेरी अक्षरं. तुम्ही मला वाचायला लावलंत. मी वाचलं, "शांत, संयमी, मृदुभाषी." तुम्ही तोंडाला पदर लावलात, तरी हसू बाहेर पडलंच. "हा मृदुभाषी? याच्या बायकोले इचारा, तिच्या पाठीले इचारा!"

परतीला आपण ऑटोत बसलो. मग एकदम म्हणालात, "करुणाबाई, माह्या दगडावर मृदुभाषी लिहायचं नाई. खोटं ऐकत पडनं मले जमनार नाई. मी जे म्हनतो थेच लिहजा."

"काय लिहू?"

"बस न मुडद्या, कुठी चालला."

"आत्याबाई, लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हनतीन? लोक बसतीन."

मी हो म्हटलं. ऑटोच्या आवाजात म्हटलं, खड्डे चुकवत म्हटलं, पण म्हटलं. मिलिंद नव्हता, साक्षीदार कुणी नव्हतं. हिवाळ्यात तूर सोंगायला आली आणि तुम्ही दोन दिवसांच्या तापात गेलात. शेवटी बोलणं बंद झालं होतं, म्हणून पुन्हा विचारताही आलं नाही.

दगडाचा विषय निघाला तेव्हा मिलिंदनं मोबाईलवर नमुने दाखवले. "प्रेमळ, कष्टाळू, मृदुभाषी" असा एक त्याला आवडला होता. मी म्हटलं, तुमच्या आईनं हे नको म्हणून सांगितलंय, आणि काय हवं तेही सांगितलंय. तो आधी हसला. मग मी खरंच बोलतेय हे कळल्यावर उखडला.

"मायच्या शिव्या घरात व्हत्या. दगड चार लोकायचा असते, करुणा. लोक थट्टा करतीन. मह्या मायची थट्टा मले नाई सहन होनार."

"मग मृदुभाषी वाचून लोक काय करतील? गावात एक माणूस तरी हसल्याशिवाय राहील का?"

तो उठून गोठ्यात गेला. आठ दिवस आमचं बोलणं भाजीत मीठ किती एवढ्यापुरतं होतं.

मला वाटलं, बाबा तरी समजून घेतील, म्हणून केनवडला गेले. बाबा आता थकलेत, काठी लागते, पण कुणाचंही पत्र हातात पडलं की आधी लाल पेन शोधतात. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पहिलीत व्हतो मी. हजेरीत पोरायची नावं घेत. माह्यी पाळी आली का मास्तर शिवी देत, आन मी हजर म्हनो. मले वाटे थेच माहं नाव हाय. दीक्षा झाली त्या दिवशी आमच्या वडलानं सांगतलं, आजपासून या घरात शिवी नाई. देनं बी नाई, घेनं बी नाई. सम्यक वाचा. आन तू थे दगडावर कोरतं?"

मी वाद घालून पाहिला. म्हटलं, बाबा, चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे ना? मृदुभाषी लिहिलं तर ते मोडत नाही का?

"मंग काईच नको लिहू," बाबा म्हणाले. "नाव लिही. आपल्या मान्सायचं नुसतं नाव दगडावर येनं, हेच लय मोठं हाय. नाव पुरे."

आत्याबाई, बाबा चुकले असं मला म्हणवत नाही. ज्या माणसानं शिवीला हजर म्हटलंय, त्याला शिवीत माया असते हे मी कोण सांगणार? आणि तुम्ही! तुम्हीही तेच सोसलेलं. त्यांनी शिवी घराबाहेर फेकली, तुम्ही उचलून घासूनपुसून वापरायला काढलीत. तुमच्या दोघांत खरं कोण, हे मला या वयातही ठरवता येत नाही. परतीच्या गाडीत मी ठरवलं होतं की नुसतं नाव लिहायचं. तुम्हाला दिलेला शब्द मोडायचा. खरंच ठरवलं होतं, रागावू नका.

तशीच वाशिमला दगड कोरणाऱ्या रशीदचाचांकडे गेले, नाव सांगायला. पत्र्याच्या शेडमध्ये पांढऱ्याशुभ्र दाढीवर काळी भुकटी, असे ते बसले होते. कबरीचेही दगड करतात, समाधीचेही. नाव लिहून घेतलं आणि त्यांनी सहज विचारलं, "और कुछ? लोक दोन शब्द लिहतेत." आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघून गेलं.

चाचांनी हातातली छिन्नी खाली ठेवली. "बाई, मेलेल्याले कोनी मुर्दा म्हनलं त लोक भांडतेत. इथी त मेलेलीच जित्त्याले मुर्दा म्हनून राह्यली!" आणि ते पोट धरून हसले. मग एकदम गंभीर झाले. "मी कोरून देतो. माह्या हाताले काय? पन एक सांगा. तुमची सास हे कोनाले म्हने?"

"सगळ्यांनाच. जो दारात आला त्याला."

"हां. दारात आला त्याले. मंग त्याले चाय भी मिळे. दगडाले दार कुठी हाय, बाई? पांदनीनं कोनी परका जाईन, वाचन. त्याच्या घरी कालच मिट्टी झाली असन, त त्याच्या दिलाले काय वाटन? त्याले चाय कोन देईन?"

बाबांनी मला गप्प केलं होतं, चाचांनी हलवलं. हे मला सुचलंच नव्हतं. तुम्ही शिवी देताना समोरच्याचा चेहरा पाहायच्या. घरात मरण झालेल्या माणसाला तुम्ही हा शब्द कधी वापरला नाहीत, त्याच्यापुढे नुसतं पाणी ठेवायच्या. दगड चेहरा कसा पाहणार? तो सगळ्यांना एकच बोलणार, दिवसरात्र.

मी घरी आले, पाणी भरायला विहिरीवर गेले. तुमची बसायची फरशी तिथं तशीच होती. पांदणीच्या वाटेकडे पाठ आणि विहिरीकडे तोंड करून तुम्ही बसायच्या. तिथपर्यंत कोण येतं? पांदण सोडून, कडुलिंबाला वळसा घालून जो मुद्दाम आत येतो तोच. आपला माणूस, किंवा आपला व्हायला तयार असलेला. दगडाला दार नाही, पण पाठ असते ना! पुढच्या बाजूला, पांदणीकडे, धम्मचक्र आणि नाव. कालकथित गिरजाबाई. बस्स. बाबा म्हणाले तसं. आणि पाठीवर, फरशीच्या बाजूला, तुमचं वाक्य.

मिलिंदला हे सांगितलं, तर तो फरशीवर जाऊन बसून आला. मग म्हणाला, "मागून कोन पाह्यते? आन जो पाहीन थो मायले वयखनाराच असन. कर." बाबांना फोन केला तर ते फक्त म्हणाले, "येतो मी दगड बसते त्या दिवशी." हो नाही, नाही पण नाही.

चाचांना मजकूर मी अंगणवाडीतूनच फोनवर सांगितला. इकडे पोरं पाढे म्हटल्यासारखी ओरडत होती, तिकडे मशीन घरघरत होतं. मी मोठ्यानं सांगत होते, बस न मुडद्या, आणि सगळी पोरं टाळ्या पिटत होती. आज सकाळी दगड आला तो पोत्यात गुंडाळलेला. उभा केला, सिमेंट भरलं, पुढचं पोतं काढलं. घाईत मागची बाजू कुणी नीट पाहिली नाही. मीही नाही, मी स्वयंपाकात होते.

जेवणं झाल्यावर बाबा काठी टेकत मागच्या बाजूला गेले. मी ताट तसंच ठेवून त्यांच्या मागे गेले. त्यांनी चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"चूक हाय," ते म्हणाले.

"बाबा, मला माहीत आहे तुम्हाला पटलेलं नाही, पण..."

"थे नाई म्हनून राह्यलो. व्याकरन चुकलं. मुडद्या पुल्लिंगी, चालली स्त्रीलिंगी. पाह्य."

मी पाहिलं. बस न मुडद्या, कुठी चालली? चालला नव्हतं, चालली होतं! लच्या कान्याऐवजी वेलांटी, चांगली वळणदार, बोटभर खोल.

मिलिंदला हाक मारली. त्यानं तिथूनच चाचांना फोन लावला. चाचा पलीकडून मोठमोठ्यानं बोलत होते, सगळ्यांना ऐकू येत होतं. "अरे भाऊ, बाई सांगून राह्यली व्हती! मशीनमंदी चालला का चालली काई समजे ना. मले वाटलं, सासू हे आपल्या सुनेलेच म्हनत असन. सुनेले नाई त मंग कोनाले म्हन्ते सासू?"

मिलिंद चिडला. दगड बदलून घेऊ, म्हणाला. त्याचं बरोबर होतं. तुम्ही मला ऑटोत चालला असंच सांगितलं होतं.

बाबा मात्र दगडापुढून हलले नव्हते. काठीवर दोन्ही हात ठेवून वाचत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू दे मिलिंद. चूक नाई हे." मग वेलांटीवर बोट फिरवत म्हणाले, "हेच वाक्य व्हतं. मांडवपरतनीले तू मले रडत सांगतलं व्हतं. हेच, चालली. मी हात जोडून बंद केलं व्हतं. त्या बाईनं माहा शब्द राखला, जित्ती असेपरेंत."

बाबांनी काठीनं फरशीकडे दाखवलं.

"उभी काहून मंग? बस म्हनून राह्यली न थे तुले."

मी बसले, आत्याबाई. तुमच्या फरशीवर, नव्या साडीसकट. समोर तुमची अक्षरं, आणि आजूबाजूला कुणी काय बोलत होतं मला काही कळत नव्हतं. बावीस वर्षांनी तुम्ही मला मुडद्या म्हणालात! मी रडले, पण लग्नाच्या तिसऱ्या दिवसासारखी नाही. मिलिंद घाबरून पाणी घेऊन आला. बाबा पलीकडच्या टोकाला टेकले आणि चष्मा पुसत राहिले. म्हणजे मी तीन महिने भांडत होते ते तुमच्या इच्छेसाठी असं सगळ्यांना सांगत होते, मलाही तेच वाटत होतं. ते तेवढंच नव्हतं. मला तुमच्या तोंडची शिवी हवी होती, दगडातून तर दगडातून.

दगड बदलायचा नाही, असं ठरलंय. शिवी दगडावर असावी की नाही, हे कुणी मला विचारलं तर आजही मी ठामपणे सांगू शकणार नाही. प्रत्येक दगडावर नसावीच. पण आपल्या विहिरीजवळ, पाठीमागच्या बाजूला, तुमची असावी.

एक शब्द देते तुम्हाला. ऑटोत दिला तसा खड्डे चुकवत नाही, नीट बसून देते. त्या अक्षरांतला रंग मी दरवर्षी भरीन, वेलांटीतला आधी. पांदणीनं जाणारा कुणी परका वळून आत आला, वाचून दुखावला, तर मी त्याला घरी आणीन, माफी मागीन आणि चहा देईन. चाचांना तसं कळवते. आणि मी स्वतः येईन तेव्हा चपला कडुलिंबाखाली काढून येईन. आलेच, असं म्हणणार नाही. तुम्ही बस म्हणालात, की बसेन.

उन्हं उतरली. चहा ठेवते आणि हे वाचून दाखवायला विहिरीकडे येते.

तुमची मुडदा,
करुणा